कोविड बॅचचे पाचशे तास

गेल्या महिन्यात या पानावर औषधाच्या दुकानात शिकायला येणाऱ्या मुलांबद्दल मी सहज चार ओळी लिहिल्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं २०२० आणि २०२१ मध्ये फार्मसी शिकलेल्या मुलांबद्दल आहेत. म्हणून या खेपेला ॲसिडिटी, गुडघेदुखी आणि 'ही गोळी दुधाबरोबर चालेल का' या मंडळींना सुट्टी. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी एकोणीस वर्षं परळच्या एका रुग्णालयाच्या औषध विभागात काढली आणि नंतर पूर्व उपनगरातल्या एका डिप्लोमा कॉलेजात शिकवायला लागले. मुलं मला मॅडम म्हणतात, शेजारपाजारचे 'मेडिकलवाल्या काकू'.

प्रश्न : माझी मुलगी २०१९ साली डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला लागली. पहिलं वर्ष संपत आलं आणि लॉकडाऊन लागला. दुसरं वर्ष सगळं मोबाइलवर. शेवटचं प्रशिक्षण तिने आमच्या घराजवळच्या मेडिकलमध्ये केलं. आता ती ठाण्यात एका मोठ्या दुकानात नोकरीला आहे. तिथले जुने लोक तिला 'कोविड बॅच' म्हणतात. अवघड प्रिस्क्रिप्शन आलं की 'तू राहू दे' म्हणून कागद तिच्या हातातून काढून घेतात. ती रडत नाही, पण घरी आल्यावर बोलतही नाही. मॅडम, खरं सांगा, तिचं शिक्षण कच्चं राहिलं का? — एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, खरं सांगा म्हणालात म्हणून सांगते. काही ठिकाणी राहिलंय कच्चं. पण कागद काढून घेणाऱ्यांना वाटतं तिथे नाही.

तुमच्या मुलीची बॅच मला चांगली आठवते, कारण तशीच एक माझ्याही पदरात होती. २२ मार्च २०२० च्या रात्री लोकल थांबल्या. आमच्या वर्गात मानखुर्दपासून बदलापूरपर्यंतची मुलं. १५ जूनला गाड्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी, त्यात शिकणाऱ्या मुलांना जागा नव्हती. म्हणजे औषधाचं दुकान अत्यावश्यक, पण त्या दुकानात उभं राहायला शिकणारी पोरगी अनावश्यक, असा तो हिशेब. एरवी आम्ही बऱ्याच मुलांना मोठ्या रुग्णालयांत पाठवायचो. तिथे तर वॉर्डच्या वॉर्ड कोविडचे झाले होते. शेवटी ठरलं, की ज्याने त्याने घरापासून चालत जाता येईल असं मेडिकल शोधायचं. कुणाला चांगला शिकवणारा मालक मिळाला, कुणाला फक्त खोकी उचलायला मिळाली. नशिबाचा भाग फार होता त्यात.

राहिली ती हाताची कामं. लहान मुलांचं अँटिबायोटिकचं कोरडं सिरप घ्या. बाटलीवर पाण्याची रेघ असते. आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करायची, मग उकळून गार केलेलं पाणी थोडं घालून हलवायचं, मग रेघेपर्यंत भरायचं. ऑनलाइन तोंडी परीक्षेत हे सगळ्यांनी घडाघडा सांगितलं, पैकीच्या पैकी गुण. नंतर हीच मुलं प्रत्यक्ष बाटली हातात घेऊन बसली तेव्हा दहातल्या सात जणांनी फेस रेघेला टेकला तिथे पाणी थांबवलं. फेस बसला की पातळी खाली जाते, पाणी कमी पडलेलं असतं आणि प्रत्येक चमच्यात औषध जास्त जातं. दोन मिनिटं थांबून पुन्हा रेघेपर्यंत भरायचं असतं. हे मी वर्गात सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. पण सांगून ते हातात उतरत नाही. माझ्याही उतरलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वॉर्डच्या सिस्टरांनी माझी बाटली परत पाठवली होती.

दुसरं, दम्याचा पंप. पेशंटला पंप दिला की तो कसा ओढायचा ते आपण दाखवायचं आणि मग त्याला करायला लावायचं. हलव, श्वास सोड, ओठ घट्ट मिट, सावकाश ओढायला लाग आणि तेव्हाच दाब, मग दहा अंक श्वास रोखून धर. तुमच्या मुलीने प्रशिक्षण केलं त्या दिवसांत काउंटरवर कुणी मास्क खाली केला असता तर रांगेतल्या माणसांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. म्हणजे तिने प्रशिक्षणाच्या सक्तीच्या पाचशे तासांत पंप कितीही विकले असतील, पण एकाही पेशंटचं तोंड त्या पंपावर मिटलेलं पाहिलं नसणार. निम्मे लोक पंप आधी दाबतात आणि मग श्वास घेतात, हे पुस्तकात असतं. तो पांढरा धूर गालातल्या गालात राहून तोंडातून परत बाहेर आलेला एकदा दिसला की मग जन्मभर विसरत नाही.

आणि तिसरं म्हणजे गर्दी. दवाखाने सुटायच्या वेळेला, संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ, काउंटरवर जे काही होतं ते तिने पाहिलं ते प्लास्टिकच्या पडद्याआडून, दोरी लावून लांब उभ्या केलेल्या रांगेतून. कोपराने ढकलत पुढे येणारा हात, 'मॅडम, फक्त एकच पाकीट' म्हणणारा, आणि मधेच हळू आवाजात काहीतरी विचारायला थांबलेली बाई. त्या बाईला ओळखून बाजूला घ्यायला शिकायला वेळ लागतो.

आता दुसरी बाजू. आम्ही काय करणार, हातात फोन तेवढा होता. मुलांना सांगितलं, की नात्यातल्या किंवा इमारतीतल्या पाच वयस्कर माणसांना रोज फोन करा, त्यांच्या गोळ्यांची पाकिटं त्यांनाच वाचायला लावा, लिहून घ्या आणि मला दाखवा. मी हे नाइलाजाने सुरू केलं होतं, वेळ भरून काढायला. कळव्याच्या एका मुलीने तिच्या मावस आजीला फोन केला. आजी म्हणाली, सगळं बरं आहे, फक्त पाय सुजलेत, बसून बसून सुजले असतील. मुलीने पाकिटं वाचायला लावली. रक्तदाबाची एक गोळी सकाळी, एक रात्री, नावं वेगवेगळी, रंग वेगळा. नावाखालची बारीक अक्षरं वाचून घेतली तर दोन्हींत ॲम्लोडिपिनच. लॉकडाऊनमध्ये नेहमीचा ब्रँड मिळाला नाही म्हणून दुकानदाराने दुसरा दिला, पुढे नेहमीचाही मिळाला, आजीने दोन्ही चालू ठेवले. ॲम्लोडिपिनने पायाला सूज येते हे त्या मुलीला पाठ होतं, पण पाठ असलेलं असं समोर येतं हे तिला त्या दिवशी कळलं. गोळी बंद करा असं ती स्वतः म्हणाली नाही, आजीच्या डॉक्टरांना फोन करायला लावला. तेही बरोबर केलं. समोर काउंटर असतं तर आजी आली असती, पाकीट घेऊन गेली असती, पायांचा विषय निघालाच नसता.

शिवाय 'नाही' म्हणणं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी २६ मार्च २०२० ला सरकारने एच-वनच्या शर्तींखाली आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि दिली की रजिस्टरमध्ये नोंद करायची. ज्यांना सांधेदुखीसाठी किंवा ल्युपस नावाच्या आजारासाठी ती गोळी कायमची लागते त्यांना मिळेनाशी झाली होती आणि बाकी सगळ्यांना ती कोविडसाठी घरात 'असावी' म्हणून हवी होती. आमच्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला, स्वतःच्या काकाला, पोलिसातल्या ओळखीच्या माणसाला नाही म्हटलंय. पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिवीरच्या कागदाचे फोटो घेऊन लोक रात्रीबेरात्री फिरत होते तेव्हाही. ते 'नाही' म्हणायला मला नोकरीत दहा वर्षं लागली होती.

तेव्हा मुलीला माझा निरोप द्या. दुकानात पंप बनवणाऱ्या कंपन्यांचे औषध नसलेले डेमो पंप असतात, एक मागून घे आणि आरशासमोर कर, मग रोज एका पेशंटला करायला लाव. कोरडी सिरपं मीच बनवणार म्हणून सांग. आणि कुणी कागद काढून घेतला तर तिथून हलू नकोस. 'मी वाचते, तुम्ही तपासा' असं म्हण. एकाने औषध काढायचं आणि दुसऱ्याने पडताळायचं ही चांगल्या दुकानातली पद्धतच आहे, जुन्या लोकांना त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. अक्षर लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरांना फोन. जे अंदाज करतात ते अनुभवी वाटतात, आणि मला भीती त्यांचीच वाटते.

प्रश्न : मॅडम, मी आत्ता प्रशिक्षणाला लागलोय. कोविडमध्ये सगळं ऑनलाइन चाललं, मग आत्ता का नाही? आमच्या ओळखीचे दुकानदार तासांवर सही द्यायला तयार आहेत. मी त्या वेळात दुसरा कोर्स करू शकतो. — विद्यार्थी, विक्रोळी

उत्तर : बाळा, नको.

फार्मसी शिक्षणाच्या १९९१ च्या नियमांपासून प्रशिक्षणाचा हा आकडा चालत आलाय : किमान पाचशे तास, किमान तीन महिन्यांत, त्यातले अडीचशे प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शनवर औषध देण्याचे. २०२० च्या नव्या नियमांतही पाचशे तास आणि तीन महिने आहेतच. रविवार सोडले तर दिवसाला साडेसहा तासही होत नाहीत. 'सगळं ऑनलाइन चाललं' हेही खरं नाही. चालवून घेतलं, दुसरा मार्ग नव्हता म्हणून.

सहीचं म्हणशील तर माझीच एक गोष्ट ऐक. २०२१ मध्ये माझ्याकडे दोन मुलांच्या नोंदवह्या आल्या. एक कल्याणचा, एक घाटकोपरचा. दोघांच्या वहीत एकाच तारखेला एकच पेशंट, वय तेच, औषधं तीच, आणि 'पॅन्टोप्राझोल'चं स्पेलिंगही एकाच जागी चुकलेलं. दोन्ही वह्यांवर दुकानाचे शिक्के आणि सह्या. पहिली वही मी मंजूर करून बसले होते. ती नीट न वाचता केली, ही चूक माझी. त्या पहिल्या मुलाला बोलावलं तर म्हणाला, वडिलांचं काम सुटलंय, मी सकाळी किराणा पोचवतो आणि दुपारी झोपतो. आता यावर काय बोलणार? ओरडले नाही, पण सहीही मागे घेतली. त्याने पुढचे कित्येक रविवार माझ्या ओळखीच्या एका मेडिकलमध्ये बसून ते तास भरून काढले. त्याच्या घरची अडचण खरी होती आणि त्याच्या वहीतला पेशंट खोटा होता, दोन्ही एकदम खरं असू शकतं.

तुझ्यापुढे २०२२ च्या नियमांनी आलेली एक्झिट परीक्षाही आहे, फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होण्याआधीची. दुसरा कोर्स रात्री कर.

प्रश्न : २०२० मध्ये मुलाच्या फार्मसी कॉलेजात सॅनिटायझर बनवलं होतं. त्याने त्यातलं दोन लिटर घरी आणलं ते अजून माळ्यावर आहे. वापरावं का? — गृहिणी, चेंबूर

उत्तर : नको, आणि आधी ते माळ्यावरून खाली काढा. त्यात जवळजवळ ऐंशी टक्के अल्कोहोल आहे. स्वयंपाकघराच्या माळ्यावर असेल तर आजच. बूच सैल झालं असेल तर अल्कोहोल उडून जातं आणि उरतं त्याचा भरवसा नाही. आणि गॅसजवळ ठेवणं म्हणजे रॉकेल ठेवण्यासारखं. मुलाच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत परत देता आलं तर उत्तम.

मुलाला मात्र शाबासकी द्या. जागतिक आरोग्य संघटनेचं दहा लिटरचं माप अजून मला तोंडपाठ आहे, कारण त्या काळात रोज कुणी ना कुणी विचारायचं : ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ग्लिसरॉल १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी. मुलांना मी विचारायचे, पेरॉक्साइड कशाला? सगळे म्हणायचे, हातावरचे जंतू मारायला. चूक. ते बाटलीत आणि द्रावणात राहून गेलेल्या जिवाणूंच्या बीजाणूंसाठी असतं आणि त्यासाठीच भरल्यावर बाटल्या ७२ तास बाजूला ठेवायच्या असतात. ज्यांनी स्वतः बनवलं त्यांनी हे विचारलं तरी. ज्यांनी फक्त विकत घेतलं त्यांना प्रश्नच पडला नाही.

प्रश्न : मी कोकणातल्या एका डिप्लोमा कॉलेजात शिकवतो. कोविडमध्ये आम्ही प्रॅक्टिकलचे पन्नासेक व्हिडिओ बनवले. आता संस्थेचं म्हणणं आहे, की साहित्यावर खर्च कशाला, व्हिडिओच दाखवा. आपण काय ठेवलंत आणि काय सोडलंत?

उत्तर : सर, तुमच्या संस्थेला माझी डिंकाची गोष्ट सांगा.

इमल्शनचं, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या दुधाळ मिश्रणाचं प्रॅक्टिकल. तेल चार भाग, पाणी दोन, डिंक एक. कोरड्या खलात डिंकाची पूड आणि तेल एकजीव करायचं, मग पाणी एकदम ओतायचं आणि एकाच दिशेने जोरात घोटायचं. मिश्रण दाट, पांढरं होतं आणि बत्त्याखाली कट-कट असा आवाज यायला लागतो. तो आवाज आला की प्राथमिक इमल्शन झालं. तो येण्याआधी आणखी पाणी घातलंत की दूध फाटतं तसं फाटणार. आमच्या पिढीला सर डोळे मिटून ऐकायला लावायचे.

२०२० च्या जूनमध्ये मी ठरवलं, की हे मुलांनी घरीच करायचं. मराठी घरात डिंकाच्या लाडवांचा डिंक असतो, गोडं तेल असतं, खलबत्ता असतो. मी माझा फोन रबरबँडने स्टीलच्या डब्याला बांधला आणि कॅमेरा खलात लावला. मला आवाज आला, अगदी स्पष्ट. मुलांच्या चौकटी गप्प. 'मॅडम, तुम्ही घोटताय, पण काही ऐकू येत नाही.' अर्धा तास डोकं फोडलं तेव्हा कळलं, की त्या मीटिंगच्या ॲपला हा आवाज म्हणजे मागची खरखर वाटत होती आणि ते तो इमानेइतबारे पुसून टाकत होतं! ज्या एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप, तीच गोष्ट यंत्राने गाळली. शेवटी मी आवाज वेगळा रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवला. मुलांनी तो ऐकून आपापल्या स्वयंपाकघरात घोटलं. दगडी खलात बहुतेकांचं फाटलं, कारण खल खडबडीत होता आणि डिंक मिक्सरमध्ये नीट बारीक झाला नव्हता. फाटलेल्याचे फोटो आले, त्यावर तासभर चर्चा झाली. खरं सांगायचं तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत फाटलेलं इमल्शन मुलं गुपचूप बेसिनमध्ये ओततात आणि शेजाऱ्याचं दाखवतात. त्या महिन्यात पहिल्यांदा मी सगळ्यांची फाटलेली इमल्शन्स पाहिली.

तेव्हा व्हिडिओ ठेवा, पण आदल्या दिवशी बघून यायला. प्रयोगशाळेत उभ्या उभ्या सूचना देण्यात आपला जो पाऊण तास जायचा तो वाचतो आणि मुलांना दोनदा घोटायला मिळतं. साहित्य कमी लागणार नाही, थोडं जास्तच लागेल. संस्थेला हे आधीच सांगून ठेवा.

प्राण्यांवरचे प्रयोग पडद्यावर गेले त्याबद्दल मात्र मला काही वाईट वाटत नाही. तो बदल महामारीच्या आधीच झाला होता. बी.फार्म.च्या अभ्यासक्रमात औषधशास्त्राची ती प्रात्यक्षिकं सॉफ्टवेअरवरच दाखवायची असं लिहिलंय, आणि पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत तयार झालेलं 'एक्सफार्म' हे सॉफ्टवेअर आम्ही कितीतरी आधी पाहिलंय. बेडकाचं हृदय पडद्यावर धडधडलं तरी ॲड्रेनॅलिनचा आलेख तोच येतो.

मी कायमची ठेवलेली दुसरी गोष्ट म्हणजे फोनवरची परीक्षा. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये डॉक्टरांसाठी परीक्षेची एक पद्धत मांडली. मुलाने एका टेबलावरून दुसऱ्यावर जायचं, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटं, एक काम, आणि गुण कशाला द्यायचे ते आधी लिहिलेलं. फार्मसीतही ती जगभर रुळली आहे. आम्ही टेबलांऐवजी पाच फोन नंबर दिले. एका नंबरवर मधुमेहाचा पेशंट, एकावर तापलेल्या बाळाची आई, एकावर चिडलेलं गिऱ्हाईक. चिडलेलं गिऱ्हाईक आमच्या ह्यांनी केलं. बेस्टमध्ये तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे 'सुट्टे नाहीत' वगैरे संवाद त्यांना शिकवावे लागले नाहीत. एका मुलीला त्यांनी एवढं छळलं, की तिने 'काका, तुम्ही आधी पाणी प्या, मी थांबते' असं सांगितलं. त्या वाक्याला गुणपत्रिकेत रकाना नव्हता. मी पेनाने वाढवला.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचं 'मायडिस्पेन्स' नावाचं आभासी दुकान कॉलेजांना फुकट वापरता येतं. पडद्यावर पेशंट येतो, त्याला प्रश्न विचारायचे, कपाटातून औषध काढायचं, लेबल लावायचं. चांगलं आहे. चुकीचं औषध दिलंत तरी कुणी मरत नाही, म्हणून चुका करायला उत्तम. नावं परदेशी असतात तेवढं सांभाळा. पण किती वापरायचं? अमेरिकेत फार्मडी या फार्मसीच्या पदवीत सुरुवातीच्या प्रशिक्षणाचे तीनशे तास असतात आणि त्यातले जास्तीत जास्त साठ आभासी सरावाचे धरता येतात, म्हणजे पाचातला एक. शेवटच्या टप्प्याचे १४४० तास वेगळे. तुमच्या संस्थेला असं प्रमाण सांगितलंत तर कदाचित पटेल. नाही पटलं तर खलबत्ता घेऊन त्यांच्या केबिनमध्ये जा आणि तो आवाज ऐकवा.

प्रश्न : गिरगावात आमचं औषधाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. कोविडमध्ये एक विद्यार्थी घेतला होता, पण त्याला शिकवायला वेळच झाला नाही, तो घरपोच औषधं देत फिरला. मला त्याची रुखरुख आहे. आता एका कॉलेजने चार मुलं घ्यायला सांगितलीत. त्यांच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं? — एक दुकानदार

उत्तर : शेठ, रुखरुख आहे असं कबूल करणारे तुम्ही पहिलेच. बाकीचे मला सांगतात, की पोराला सगळं शिकवलं. म्हणजे काय, तर शटर उघडायला.

घरपोच औषधांची परवानगी २६ मार्च २०२० ला निघाली आणि ज्याच्याकडे शिकाऊ मुलगा होता त्याने त्याला सायकलवर बसवलं. मीही तेव्हा फार चिडले होते. हे काही औषध देण्याचे तास नव्हेत, असं कॉलेजच्या बैठकीत आवाज चढवून बोलले होते. मग आमच्याच एका मुलाने नोंदवहीत एक पान लिहिलं. तो ठाकूरद्वारच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर इन्सुलिन द्यायला गेला. म्हातारा-म्हातारी दोघंच. म्हातारीने त्याच्यासमोर पाकीट घेतलं आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबलं, आधीच्या दोन कुप्यांशेजारी. 'थंड ठेवायला सांगितलंय ना?' गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला चांगलं असलं तरी वापरायचं नसतं. महिनाभर साखर का उतरत नाही म्हणून त्या घरात देवाला नवस चालले होते. काउंटरवर उभं राहून 'फ्रिजमध्ये ठेवा' सांगणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. मुलाने कुप्या काढायला लावल्या आणि नवी खालच्या कप्प्यात, दारापासून आत ठेवून दिली.

म्हणून घरपोचला पाठवूच नका असं आता मी म्हणत नाही. आठवड्यातून एक दिवस पाठवा, आणि परत आल्यावर त्या घरात औषध कुठे ठेवतात ते विचारा. बाकीचे पाच दिवस तो दुकानात हवा.

दुकानात पहिला आठवडा मांडणी आणि मुदत. कुठलं औषध कुठे हे कळल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही. खोकी लावताना त्याला सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या नावाच्या औषधांची यादी स्वतः करू द्या. तुमची यादी देऊ नका, तुमच्या डोळ्यांना ती सवयीची झालीय. मग एच-वनचं रजिस्टर त्याच्या ताब्यात द्या : डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपून ठेवायचं असतं, तेव्हा अक्षर नीट काढ म्हणून सांगा.

इन्सुलिनच्या सिरिंजवर एक अख्खी दुपार घालवा. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा मिलीला ४० युनिटचं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्याची केशरी. परळला असताना एका शिकाऊ मुलाने ४० च्या कुपीबरोबर केशरी टोपणाची सिरिंज दिलेली मी स्वतः पकडली आहे. पेशंटने वीसच्या रेघेपर्यंत भरलं असतं तर पोटात फक्त आठ युनिट गेले असते. उलटं झालं असतं, १०० चं इन्सुलिन आणि लाल टोपण, तर वीसच्या जागी पन्नास. हे आकडे मुलाला स्वतः कागदावर मांडू द्या. तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत जातं.

तुमच्या जवळच प्रिन्सेस स्ट्रीट आहे. एक दिवस त्यांना घेऊन घाऊक बाजारात जा. बिलावरचा बॅच नंबर आणि खोक्यावरचा बॅच नंबर ताडून बघायला तिथेच शिकतील. थंड ठेवायचं औषध उन्हात हातगाडीवर किती वेळ उभं असतं तेही दिसेल. आत्ता मे महिना आहे, चांगला मुहूर्त आहे.

आणि दुकानाची झाडलोट, चहा, बँकेत चेक भरणं यातलं काहीही त्यांच्याकडून नको. म्हणजे चहा सगळ्यांसाठी आणायचा झाला तर आळीपाळीने, तुमच्यासकट.

चार मुलं तुमच्या दुकानात मावणार नाहीत, काउंटर मी पाहिलंय. दोनच घ्या, संध्याकाळच्या पाळीत. उरलेल्या दोघांसाठी मी चिराबाजारातल्या एका बाईंना विचारते. त्या फार ओरडतात, पण कोरडं सिरप कुणाला दोनदा भरू दिल्याशिवाय घरी जाऊ देत नाहीत.